टाके घातल्यावरही अँटिबायोटिक कशाला?

नौपाडाकर:
बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन ठाण्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलात झालं. जाळी बसवली, दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज. घरी आल्यावर फाइल वाचली. सेफाझोलिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन सकाळी सातला वॉर्डात दिलेलं आणि चीर दिली साडेअकराला. मधे डोस नाही. ऑपरेशननंतर मात्र रात्री आणि सकाळी इंजेक्शन, वर घरी पाच दिवस सेफिक्झिम या दुसऱ्या अँटिबायोटिकच्या गोळ्या.

मी फार्मासिस्ट आहे, त्यामुळे हे डोळ्यांत खुपलं. चीर देतात तेव्हा औषध रक्तात आणि त्या जागच्या मांसात पुरेसं असायला हवं, म्हणून सेफाझोलिन आधीच्या तासाभरात देतात. ऑपरेशन चार तासांपुढे लांबलं किंवा खूप रक्त गेलं तर आणखी एक डोस. केवळ संसर्ग टाळण्यासाठी म्हणून ऑपरेशन संपल्यावर अँटिबायोटिक लांबवू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्येच सांगितलंय. बाबांच्या बाबतीत नेमकं उलट झालं. या पाच दिवसांच्या गोळ्या लिहिणं बंद व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

वाशीचा सर्जन:
सातच्या डोसचं समर्थन मी करणार नाही, ते चुकलंच. पण गोळ्यांचं इतकं सोपं नाही. जाळीला संसर्ग झाला तर कधीकधी जाळीच काढावी लागते, म्हणजे दुसरं ऑपरेशन. माझा पेशंट दिवा इथल्या एका खोलीत सहा माणसांत जाऊन राहतो. पावसाळ्यात ड्रेसिंग ओलं होतं, शुगर तीनशेच्या घरात. त्याच संघटनेचा आकडा आहे की कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत ऑपरेशन झालेल्या शंभरातल्या अकरा जणांना जखमेचा संसर्ग होतो. पू आला की नातेवाईक माझ्या दारात उभे राहतात, शिफारस लिहिणारे नाही.

नौपाडाकर:
डॉक्टर, ती शिफारस आपल्यासारख्या देशांनाही धरूनच केलेली आहे. जंतू जखमेत शिरतात ते मुख्यतः ती उघडी असताना. सर्जन जॉन बर्क यांनी १९६१ मध्ये गिनीपिगवर प्रयोग करून दाखवलं की जंतू आत गेल्यावर तीनेक तासांनी दिलेल्या औषधाचा काही उपयोग होत नाही. ओल्या ड्रेसिंगवर उपाय कोरडं ड्रेसिंग, वाढलेल्या शुगरवर इन्सुलिन. सेफिक्झिम यातलं काहीच करत नाही.

घोडबंदरचा रहिवासी:
हे सगळं पुस्तकात ठीक आहे हो. माझ्या वहिनीचे सिझेरियनचे टाके उघडले. पू, ताप, बाळ आमच्याकडे आणि ती परत अॅडमिट. चार गोळ्या जास्त पोटात गेल्या तर असं काय बिघडतं? पेशंटच्या घरच्यांना रिस्क घ्यायला सांगू नका.

नौपाडाकर:
वहिनींना फार सोसावं लागलं, वाईट वाटलं. पण पू झाल्यावर दिलेलं अँटिबायोटिक हा उपचार आहे. तो हवाच, आणि पूचं कल्चर (कोणते जंतू आहेत, कोणतं औषध चालेल याची तपासणी) करून योग्य औषधाचा, पूर्ण हवा. अपेंडिक्स फुटलं असेल तरी तसंच. माझा आक्षेप संसर्ग नसताना चालू राहणाऱ्या औषधाला आहे. बिघडतं काय, तर किडनीवर ताण येऊ शकतो, आतड्यातले चांगले जंतू मरून क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जंतूचे जुलाब लागू शकतात. औषधाला न जुमानणारे जंतू अंगावर टिकून राहतात आणि पुढे खरा संसर्ग झाला की साधं औषध चालत नाही. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट अशा जंतूंमुळे झाले. वहिनींना तेव्हा औषध लागू पडलं, ते पुढेही पडायला हवं ना?

ऐरोलीची सिस्टर:
ऑपरेशन थिएटरमध्ये काम करते म्हणून लिहिते. सातचा डोस कसा होतो ते सांगू? लिस्टवर पहिली केस म्हणून वॉर्डातून इंजेक्शन देऊन पाठवतात. तेवढ्यात इमर्जन्सी सिझेरियन येतं आणि पेशंट बाहेर ट्रॉलीवर पडून राहतो. फाइलवर 'दिलं' अशी टिक असते, मग पुन्हा कोणी देत नाही. आमच्याकडे आता वॉर्डात द्यायचंच नाही, भूल देताना भूलतज्ज्ञ देतात. चीर देण्याआधीच्या चेकलिस्टमध्ये 'गेल्या ६० मिनिटांत अँटिबायोटिक दिलं का?' हा प्रश्न असतोच, तो मोठ्याने विचारून उत्तराची वाट बघायची. आणि आदल्या रात्री वॉर्डात रेझरने केस काढणं तर बंदच करा. कातडीवर बारीक जखमा होतात, तिथे जंतू वाढतात. केस काढायचेच असतील तर क्लिपर (केस कापायचं मशीन) वापरा.

वाशीचा सर्जन:
सिस्टर, रेझरचं अगदी पटलं. दुर्बिणीतून पित्ताशय काढताना, पेशंटला इतर धोका नसेल तर मी एकही डोस देत नाही, हेही सांगतो. पण जाळी बसवलेल्या मधुमेही पेशंटला चोवीस तास मी देणारच. घरी गोळ्या मात्र बंद करून पाहीन.

नौपाडाकर:
चोवीस तासही लागत नाहीत, असंच माझं म्हणणं राहील. पण गोळ्या बंद करणार असाल तर बरंच झालं.

ऐरोलीची सिस्टर:
सर, मग शेवटचा डोस किती वाजता तेही ऑर्डरमध्ये लिहा. बंद करायची वेळ लिहिलेली नसली की रात्रपाळीची सिस्टर पुढचा डोस देते, सकाळची त्याच्या पुढचा. न विचारता औषध थांबवायची हिंमत आमच्यातल्या कोणाचीच होत नाही.