कॉर्नियाच्या पेशी: कॅप्सेसिन देण्याआधीच प्रवाह चढतो, यातला टीआरपीव्ही१ किती?

एपिथेलियम_२२
मोजायचा आहे टीआरपीव्ही१, म्हणजे मिरचीतल्या कॅप्सेसिननं उघडणारा आयन चॅनल. मानवी कॉर्नियाच्या कल्चरमधल्या एपिथेलियल पेशी, होल-सेल पॅच क्लॅम्प (पिपेट पेशीला चिकटवून, पटल फोडून सगळ्या पेशीचा प्रवाह मोजणं). पिपेट ३–४ मेगाओहम, सील (पिपेट आणि पेशीचा घट्ट जोड) १ गिगाओहमच्या वर. पिपेटमध्ये सीझियम क्लोराइड १४०, ईजीटीए १०, हेपेस १०, मॅग्नेशियम-एटीपी ४ मिलिमोलर. बाथमध्ये सोडियम क्लोराइड १४०, बाकी नेहमीचं. होल्डिंग ० मिलिव्होल्ट, दर ५ सेकंदांनी −१०० ते +१०० रॅम्प (व्होल्टेज सलग चढवत नेणं).

पॅच फोडल्यावर तीन-चार मिनिटांत प्रवाह आपोआप चढतो, धन बाजूला जास्त. रिव्हर्सल (प्रवाहाची दिशा उलटते तो व्होल्टेज) शून्याजवळ. २० मायक्रोमोलर कॅप्सेसिनने अजून वाढतो, पण धुतल्यावर उतरत नाही. टीआरपीव्ही१ वेगळा कसा काढायचा?

गिगासील
आधी चढणारा प्रवाह बहुधा फुगणाऱ्या पेशीचा क्लोराइड प्रवाह आहे, म्हणजे एलआरआरसी८ चॅनल. सील सुटत असता तर वाढ सरळ रेषेत, दोन्ही बाजूंना सारखी दिसली असती. ईजीटीएचा पीएच जुळवायला घातलेलं सीझियम हायड्रॉक्साइडही हिशेबात धरा. तुमचं पिपेट द्रावण बाथपेक्षा जड (विरघळलेले कण जास्त असलेलं) निघेल, त्यामुळे पाणी पेशीत शिरतं. दोन्ही ऑस्मोमीटरवर मोजा आणि बाथमध्ये मॅनिटॉल घालून पिपेट १०–२० मिलिऑस्मोल हलकं ठेवा. एटीपी काढू नका. काढल्यानं हा प्रवाह दबेल, पण पेशीही लवकर खराब होईल.

खरी अडचण क्लोराइडची आहे. दोन्हीकडे ते जवळपास सारखं असल्यामुळे क्लोराइड चॅनल आणि टीआरपीव्ही१ दोघांचाही रिव्हर्सल शून्यावर येतो, आणि दोघेही बाहेरच्या दिशेनं जास्त वाहतात. पिपेटमध्ये सीझियम ग्लुटामेट १२० आणि सीझियम क्लोराइड २० घ्या. बाथमध्ये क्लोराइड १५० असेल तर क्लोराइडचा रिव्हर्सल −५१ मिलिव्होल्टवर जातो, टीआरपीव्ही१चा शून्याजवळच राहतो. जंक्शन पोटेन्शियल (दोन वेगळी द्रावणं भेटतात तिथला व्होल्टेज) मात्र १० मिलिव्होल्टच्या वर जातं, ते वजा केल्याशिवाय आकडे वाचू नका. पडताळणीला एलआरआरसी८ अडवणारं डीसीपीआयबी १० मायक्रोमोलर.

चॅनलवेध
वरच्याशी सहमत. भर एवढीच की कॅप्सेसिनची मात्रा फार आहे. टीआरपीव्ही१ला १ मायक्रोमोलर पुरते. २० वर ते व्होल्टेज-गेटेड चॅनलही दाबतं. शिवाय ते सिलिकॉन नळीत मुरतं आणि धुताना झिरपत राहतं, त्यामुळे प्रवाह न उतरण्याचं हेही एक कारण असू शकतं. टेफ्लॉन नळी वापरा, मधे इथेनॉलनं धुवा, आणि त्याच मात्रेचं नुसतं विद्रावक देऊन एक नोंद घ्या.

टीआरपीव्ही१ अडवणाऱ्या कॅप्साझेपिनवर एकट्यावर विसंबू नका, ते टीआरपीएम८ या थंडी जाणणाऱ्या चॅनललाही अडवतं आणि कॉर्नियात तोही आहे. एएमजी ९८१० हे टीआरपीव्ही१ अडवणारं दुसरं औषध जास्त नेमकं. बाथमध्ये कॅल्शियम असेल तर दुसऱ्या मात्रेला प्रतिसाद घटतो, म्हणून एका पेशीवर एकदाच.

कपॅसिटन्स (पेशीच्या पटलाच्या आकाराचं माप) किती येतोय?

एपिथेलियम_२२
एकट्या दिसणाऱ्या पेशींत १५–२५ पिकोफॅरड, काहींत ७० च्या पुढे. बाथचं क्लोराइड बदलून पाहिलं तर चालेल का?

गिगासील
७० वाल्या नोंदी बाजूला काढा. कनेक्सिन ४३ (पेशींना जोडणारं प्रथिन) च्या जोडांनी शेजारची पेशीही तुमच्या सर्किटमध्ये येते आणि क्लॅम्प नीट बसत नाही. पेशी सुट्या करताना ट्रिप्सिनऐवजी अ‍ॅक्युटेज (सौम्य विकर मिश्रण), आणि पेशी विरळ पेरून एक-दोन तासांत रेकॉर्डिंग.

बाथचं क्लोराइड बदलता येईल, पण उघडी सिल्व्हर क्लोराइड तार बाथमध्ये ठेवून नाही. तिचं स्वतःचं पोटेन्शियल सरकतं आणि रिव्हर्सल हलल्याचा खोटा भास होतो. ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडचा आगार ब्रिज (तार आणि बाथ यांना जोडणारी आगार भरलेली नळी) लावा.