मदत हवी आहे : मे महिन्यात देवबागच्या मुखातून होडी कोणत्या तिथीला बाहेर काढावी?

नमस्कार. मे महिन्याच्या उत्तरार्धात आठ दिवस मालवणजवळच्या देवबागला, कर्ली नदीच्या मुखाशी, चुलतभावाकडे जाणार आहे. 1 जूनपासून 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद होते, त्यापूर्वी त्याच्या लहान फायबर होडीतून एक-दोनदा बाहेर गरवायला (गळाने मासे धरायला) जाण्याचा आमचा विचार आहे. मालवण-वेंगुर्ले पट्ट्यात नियमित समुद्रात जाणाऱ्यांचा सल्ला हवा आहे.

गेल्या वर्षी आम्ही अष्टमी निवडली. भांगाचे पाणी, म्हणजे भरती-ओहोटीचा चढउतार लहान आणि ओढ कमी, एवढाच हिशेब केला होता. तिथीच्या आकड्याच्या पाऊणपटीने (आठाची पाऊणपट सहा) सहाच्या सुमारास भरती येते (आमच्याकडे ती त्याहून थोडी आधीच होते), म्हणून पहाटे मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या) वाऱ्यावर सहज बाहेर पडलो. परतायला मात्र साडेअकरा वाजले. तोवर ओहोटी लागून कर्लीच्या मुखाशी वाळूचा दांडा जेमतेम कमरेएवढ्या पाण्यात होता आणि वायव्येचा वारा चढलेला होता. समोरून ओहोटीचे पाणी आणि मागून लाट अशा कात्रीत होडीचा मागचा भाग उचलला गेला, होडी आडवी झाली आणि बांगड्यांची बादली डोळ्यांदेखत समुद्रात गेली. भावाने इंजिनचा वेग वाढवून तोंड सरळ केले म्हणून वाचलो. तो आवाज अजून कानात आहे.

यंदा द्वादशी किंवा त्रयोदशी धरावी असे वाटते. सकाळी आठ-नऊच्या सुमारास भरती पूर्ण होईल, साडेपाचला चढत्या पाण्यात निघता येईल आणि दहाच्या आत, दांड्यावर पाणी असतानाच, आत येता येईल. हा विचार बरोबर आहे का? अमावास्येला परतीच्या वेळी पाणी भरपूर मिळते, पण पहाटे अंधारात सुकतीला (पाणी उतरलेले असताना) दांडा ओलांडावा लागतो, म्हणून ती तिथी मी सोडून दिली आहे. शिवाय वारा पडलेला असतानाही दक्षिणेकडून लांब पल्ल्याची लाट येत असेल, तर ती किनाऱ्यावरून कशी ओळखता?

मासळीबद्दलही विचारायचे आहे. इन्कॉइसची (सागरी माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राची) मासळी कुठे मिळेल याची सूचना पृष्ठजलाचे तापमान आणि हरितद्रव्य पाहून दिलेली असते. खडकावरच्या तांबोशीसाठी आणि गोबऱ्यासाठी तिचा उपयोग होतो का, की ती बांगडा-तारलीपुरतीच धरावी? गेल्या वर्षी पंधरा वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) पाण्यात समुद्र अगदी निवळ होता आणि सुरमईने ओढत्या आमिषाकडे ढुंकूनही पाहिले नाही. अशा वेळी आणखी खोल जावे, की हिरवट आणि निळ्या पाण्याच्या सीमेवरच फिरत राहावे? बाहेर जाणे जमलेच नाही, तर खाडीत जिवंत कोळंबी लावून चढत्या पाण्यात बसण्याची तयारी आहे.

तौक्ते वादळ 2021 च्या मेच्या मध्यावरच या किनाऱ्याजवळून गेले होते, त्यामुळे हवामान खात्याचा इशारा असेल तर होडी पाण्यात घालणार नाही. जीवरक्षक जाकिटे दोघांसाठी घेतली आहेत. दांड्याची वाळू दरवर्षी सरकते, म्हणून या हंगामात तेथून ये-जा केलेल्यांनी सध्याची खोल वाट मुखापलीकडच्या भोगव्याच्या बाजूने आहे की देवबागच्या, तेवढे अवश्य कळवावे.