शब्दचर्चा : कोपऱ्याची ‘गोलाई’ म्हणावी की ‘त्रिज्या’?

लातूरहून प्रश्न

मी ग्राफिक डिझाइन शिकते. दहावीपर्यंतची भूमिती मराठीतून झाली, आता सॉफ्टवेअर सगळं इंग्रजीतून. माझ्यासोबत खेड्यांतून आलेली बरीच मुलं-मुली आहेत. त्यांच्यासाठी वर्तुळावरच्या टिपणांची एक वही मराठीत करतेय आणि शब्दांपाशी अडलेय. ‘कॉर्नर रेडियस’ला ‘कोपऱ्याची गोलाई’ लिहिलं तर चालेल का? ‘सर्कल’ आणि ‘रिंग’ यांतला फरक मराठीत कसा दाखवायचा? ‘आर्क’ला ‘कंस’ लिहिलं की वाचणाऱ्याला आधी लिहिण्यातला कंस आठवतो, त्याचं काय करू? जाणकारांनी सांगावं.

परभणीहून

ताई, वही नक्की पुरी करा. मी शाळेत भूमिती शिकवतो, त्यामुळं या शब्दांशी रोजचा संबंध आहे.

गोलाई आणि त्रिज्या, दोन्ही ठेवा. पण दोघांचं काम वेगळं आहे. गोलाई डोळ्याला दिसते, त्रिज्या मोजता येते. गिऱ्हाईक म्हणेल, “कोपरे जरा गोल करा.” तुम्हाला मात्र आकडा द्यावाच लागतो. एका चौकटीत दुसरी चौकट बसवताना हे लगेच कळतं. बाहेरच्या कोपऱ्याची त्रिज्या २४ आहे आणि दोन्ही चौकटींमधली पट्टी ८ रुंदीची आहे. आतल्या कोपऱ्यालाही २४च दिली, तर पट्टी सरळ बाजूंना ८ राहते आणि कोपऱ्यात तिरकस मोजली तर ११च्या पुढं जाते. कोपरा सुजल्यासारखा दिसतो. आत २४ वजा ८, म्हणजे १६ घेतली की दोन्ही कंसांचं केंद्र एक होतं आणि पट्टी सगळीकडं सारखी राहते. ‘गोलाई सारखी ठेवा’ एवढंच वहीत लिहिलं, तर मुलं दोन्हीकडं २४ टाकणार. म्हणून तिथं त्रिज्याच लिहा, आणि सोबत ‘समकेंद्री’ हा शब्दही द्या.

आता त्रिज्येबद्दल थोडं सविस्तर, कारण मुलं हा शब्द नुसता पाठ करतात. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. जीवा म्हणजे कंसाची दोन टोकं जोडणारी सरळ रेघ. जुन्या ज्योतिषगणितात दुप्पट कंसाच्या अर्ध्या जीवेलाच त्या कंसाची ज्या म्हणत. वर्तुळाच्या बारा राशी, एक रास ३० अंशांची. तीन राशी म्हणजे ९० अंश, आणि ९० अंशांची ज्या केंद्रापासून परिघापर्यंतच्या अंतराएवढी भरते. तीन राशींची ज्या ती त्रिज्या. एका अंशाच्या ६० कला. आर्यभटानं परीघ २१,६०० कलांचा धरला, त्यामुळं त्याच्या गणितात त्रिज्या ३४३८ कला येते.

जीवा म्हणजेही तीच दोरी. वाकलेला कंस हे धनुष्य, आणि दोरीच्या मध्यापासून धनुष्याच्या मध्यापर्यंतचं अंतर हा शर, म्हणजे बाण. जीवा, कंस, शर हे तिन्ही शब्द वहीत एकाच चित्रावर लिहा. मग कंस शब्द वाचून कोणाला दुसरं काही आठवणार नाही. आणि लिहिण्यातला गोल कंस तरी काय, वर्तुळाचा तुकडाच दिसतो. त्याला वेगळं नाव शोधू नका.

मुलांना जीवा माहीत असते, शर बहुतेकांनी ऐकलेलाच नसतो. याची मला खरोखर खंत वाटते, कारण डिझाइनवाल्याच्या सगळ्यात कामाचा शब्द तोच आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त नियम आहे : अर्ध्या जीवेचा वर्ग करा, शरानं भागा, आलेल्यात शर मिळवा, की व्यास मिळतो. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडं गेलं की पाटणादेवी लागते. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ स्थापला, त्याचा शिलालेख तिथलाच. इतकं आपल्या शेजारचं हे गणित आहे.

समजा दुकानाची पाटी ६ फूट रुंद आहे आणि तिची वरची कड मध्यभागी १ फूट उचललेली हवी. अर्धी जीवा ३, तिचा वर्ग ९, भागिले १ म्हणजे ९, अधिक १ म्हणजे १०. व्यास १० फूट, त्रिज्या ५ फूट. केंद्र कमानीच्या माथ्यापासून सरळ खाली ५ फुटांवर. यात अंदाज कुठंच नाही.

वर्तुळ आणि रिंग : भूमितीत वर्तुळ म्हणजे फक्त रेघ. आत रंग भरला की ती चकती. दोन समकेंद्री वर्तुळांमधली जागा म्हणजे वलय. बोलताना कडं म्हणा. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात छताकडं मान वर करून पाहा, एकात एक समकेंद्री पट्टे रंगवलेले आहेत. ती वलयं. ‘गोल’ हा शब्द मात्र वहीत एकटा वापरू नका. बोलण्यात तो सगळ्यालाच चालतो, पण पाठ्यपुस्तकात गोल म्हणजे चेंडूसारखा घन आकार.

नांदेडहून

सर, मी बोर्ड रंगवायलो, कंप्युटर नाही. तुमचा शर आम्ही रोज वापरतो, आमच्यात त्याला नुसतं कमानीची उंची म्हणतात. खिळा ठोकायचा, सुतळी बांधायची, दुसऱ्या टोकाला खडू. खिळा कुठं ठोकायचा ते दोन-तीनदा सरकवून बघतो. तुमच्या हिशेबानं एकदाच ठोकावा लागंल असं दिसतंय.

एक शब्द सुचवतो. मधून बाहेर जाणाऱ्या रेघांना आम्ही आरे म्हणतो, गाडीच्या चाकाचे असतात तसे. आमच्या नांदेडात खादीचे राष्ट्रध्वज तयार होतात, कापड उदगीरला विणतात. ध्वजावरच्या अशोकचक्राला २४ आरे. शाळेच्या भिंतीवर चक्र काढताना आम्ही चुकूनही ‘२४ त्रिज्या काढ’ म्हणत नाही.

परभणीहून

दादा, ‘आरे’ बरोबर आहे, ताईंनी तोच घ्यावा. विज्ञानाच्या पुस्तकात ‘अरीय सममिती’ येते, तारामाशाची वगैरे. अर म्हणजे आराच. शेतकऱ्याच्या पोराला आरा दाखवून अरीय शिकवलं की शब्द परका राहत नाही. २४ आरे म्हणजे दर १५ अंशांना एक, हेही वहीत टाका.

लातूरहून

सर, दादा, दोघांचे आभार. पाटीचं गणित स्क्रीनवर करून पाहिलं, कमान तंतोतंत बसली. आणखी एक अडचण आहे. पाठ्यपुस्तकात दोन त्रिज्या आणि कंस यांच्यामधल्या भागाला ‘वर्तुळपाकळी’ म्हणतात. पण रांगोळीतली, कंपासनं काढतो त्या फुलातली पाकळी दोन्हीकडं टोकदार असते. तिलाही पाकळीच म्हणायचं का?

परभणीहून

प्रश्न नेमका आहे. दोन्ही आकार वेगळेच आहेत. वर्तुळपाकळी ही भाकरीच्या चतकोरासारखी, केंद्राकडं टोक आणि बाहेरून कंस. टक्केवारी दाखवायच्या चकतीचे भाग असतात तेच. तिथं पूर्ण शब्द वापरा, ‘वर्तुळपाकळी’.

कंपासच्या फुलाची पाकळी वेगळी घडते. जीवेनं वर्तुळाचा जो तुकडा कापला जातो तो वर्तुळखंड. असे दोन सारखे खंड एकाच जीवेवर पाठीला पाठ लावून ठेवले की ही टोकदार पाकळी होते. कंपास न बदलता परिघावर सहा खुणा बरोबर बसतात, कारण आतल्या सुसम षट्कोनाची बाजू त्रिज्येएवढीच असते. म्हणून पाकळीची लांबी त्रिज्येएवढी येते. त्रिज्या १० सेंमी असेल तर प्रत्येक खंडाचा शर १.३४ सेंमी, म्हणजे पाकळी मधोमध साधारण २.७ सेंमी रुंद. पाकळी जाड हवी असेल तर शर वाढवा आणि वरच्याच नियमानं नवी त्रिज्या काढा. मात्र मग तिचे कंस फुलाच्या मूळ कंपासनं निघणार नाहीत. वहीत तिला ‘फुलाची पाकळी’ किंवा ‘दुहेरी खंड’ म्हणा. मला पहिलं नाव आवडतं.

नांदेडहून

सर, एक राहिलं. पाटी २० फुटी आणि उंची १ फूट असली तर त्रिज्या किती निघते? मी केलं तर साडेपन्नास फूट आली. रस्त्याच्या पलीकडं खिळा कुठं ठोकू?

परभणीहून

हिशेब बरोबर आहे, साडेपन्नासच. अशा वेळी दोन टोकं आणि शराचा माथा असे तीन खिळे पाटीवरच ठोका आणि लवचीक पट्टी त्यांना टेकवून वाकवा. निघेल ती रेघ अगदी वर्तुळाची नसते, पण इतक्या उथळ कमानीला डोळ्याला फरक कळत नाही. अजून नेमकी हवी असेल तर मध्ये दोन खिळे वाढवा. मध्यापासून ५ फुटांवर दोन्हीकडं कमानीची उंची ९ इंच येते.