इंटरनेट धोरणाच्या बैठकींना छोट्या बेट-देशांनी मिळून एकच वकील पाठवावा का?

दर्यावर्दी:
आयटीयूत, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संस्थेत, एक देश, एक मत. प्रशांत महासागरातल्या तुवालूची वस्ती अकरा हजारांच्या आसपास, तरी मत चीनइतकंच. कागदावर झकास! पण एकाच वेळी चार खोल्यांत चार मसुद्यांवर काथ्याकूट चालतो आणि बेटाचा माणूस एकटा. तो पहिल्या खोलीत असताना तिसरीत ‘करावे’चं ‘करता येईल’ होऊन जातं. हवामानाच्या वाटाघाटींसाठी १९९० मध्ये बेटांनी एओसिस हा छोट्या बेट-देशांचा गट उभा केला. तसा इंटरनेट धोरणासाठी सगळ्यांचा मिळून एक कायमचा प्रतिनिधी हवा.

आडमुठा:
साफ चूक. समुद्र सगळ्यांच्याच दारात चढतोय, म्हणून तिथे गट टिकला. इथे दुखणी वेगळी. तुवालूला ‘डॉट टीव्ही’, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याचं देशाच्या नावचं शेपूट, भाड्याने देऊन पैसा मिळतो. २००० साली संयुक्त राष्ट्रांत शिरण्याचा खर्चही त्यातूनच निघाला. उलट नियुए या दुसऱ्या बेटाचं तसंच शेपूट ‘डॉट एनयू’ १९९७ पासून परक्यांच्या हातात. स्वीडिशमध्ये ‘नु’ म्हणजे ‘आत्ता’, त्यामुळे गिऱ्हाइकं तिकडचीच. २०१३ पासून तिथलीच एक संस्था ते चालवते, आणि ते परत मिळावं म्हणून नियुए २०१८ मध्ये स्वीडनच्या कोर्टात गेलं. एकाला भाडं वाढवून हवंय, दुसऱ्याला घरच परत हवंय. तुमचा वकील कोणाचा?

दर्यावर्दी:
वेबसाइटच्या नावांचं सोडा, ते ज्याचं त्याने लढावं. केबलचं बोला. १५ जानेवारी २०२२ ला टोंगात ज्वालामुखी फुटला आणि देशाला जगाशी जोडणारी एकुलती एक समुद्री केबल तुटली. दुरुस्तीचं जहाज पापुआ न्यू गिनीहून आलं, जोडणीला पाचेक आठवडे गेले. तोवर उपग्रहावर कसंबसं भागवलं. जहाज कुठे उभं ठेवायचं, खर्च कोणी सोसायचा, हे सगळ्याच बेटांचं दुखणं आहे की नाही?

तिसरा कोन:
मला तर एवढ्याशा वस्तीला पूर्ण मत हेच पटत नाही. मदत देणारे मोठे देश त्या मतावर डोळा ठेवणारच.

आडमुठा:
@तिसरा कोन, मत काढून घेतलंत तर त्यांचा फोन तरी कोण उचलेल? पलाऊ या बेट-देशाला तर २०२४ पर्यंत तेही मत नव्हतं, तो आयटीयूत नव्हताच.
@दर्यावर्दी, केबलपुरतं मान्य. पण त्या कायमच्या माणसाचा पगार कोण देणार? बेटांकडे पैसा नाही, म्हणजे देणगीदार देणार. मग तुमचं ते ‘करावे’ देणगीदाराला विचारूनच लिहिलं जाईल.

दर्यावर्दी:
पगार बेटांनीच वर्गणी काढून द्यायचा, थोडा का असेना. यावर मी अडून आहे.