पावसाळ्यात एकट्याने डोंगरावर जायला बंदी हवी की नको?

मीनल_डोंबिवली
आधीच सांगते, मी ट्रेकर नाही. शाळेच्या सहलीत लोहगड चढले होते तेवढंच. पण मागच्या जुलैत माझा भाचा, बहिणीचा एकुलता एक, वय २४, रविवारी पहाटेची कर्जत लोकल पकडून एकटा गेला आणि रात्री घरी आलाच नाही. जाताना काय सांगितलं तर "बदलापूरच्या पुढे जातोय, संध्याकाळपर्यंत येतो". रात्री अकराला पोलीस चौकीत विचारलं, कुठला डोंगर? आम्ही दोघी बहिणी एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. चंदेरी, म्हैसमाळ, नाखिंद, पेब ही नावं आम्हाला तिथे पहिल्यांदा कळली. शेवटी त्याच्या एका मित्राने सकाळच्या स्टेटसचा फोटो नीट बघितला आणि मागचा सुळका ओळखला, म्हणाला हा चंदेरीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला त्याला खाली आणला. उतरताना धुकं आलं, वाट चुकली आणि ओढा धरून खाली गेलं की गाव येईल असं वाटून तो ओढ्यातून उतरत गेला, तर पुढे सरळ कडा. परत वर चढताना घसरला आणि घोटा मोडला. रात्रभर एका दगडाच्या आडोशाला भिजत बसून होता. आला तेव्हा ओठ निळे पडले होते हो, बहिणीने मिठी मारली तरी त्याला धड बोलता येत नव्हतं.

म्हणून माझं स्पष्ट मत, जून ते सप्टेंबर एकट्यादुकट्याला डोंगरावर जायला सरळ बंदी घाला. कुणाला राग येईल तर येऊ दे.

भटक्या_मुलुंड
मीनलताई, मुलगा सुखरूप आला हे वाचून खरंच जीव भांड्यात पडला. पण बंदीला माझा ठाम विरोध आहे, २८ वर्षं फिरतोय म्हणून सांगतो. दर पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश निघतात, पूर्वी कलम १४४ होतं आता १६३ आहे. लोक थांबतात का? नाही. चौकी चुकवून भलत्याच वाटेने जातात, पहाटे अंधारात शिरतात आणि पकडले जाऊ नये म्हणून गावात कुणाशी बोलत पण नाहीत. म्हणजे तुमच्या भाच्याच्या बाबतीत जे झालं, कुठे गेलाय हेच माहीत नसणं, ते बंदीने वाढेल, कमी होणार नाही.

दुसरं, एकटा म्हणजे धोका आणि ग्रुप म्हणजे सेफ हे गणितच चुकीचं आहे. ३० जून २०२४ ला लोणावळ्याला भुशी डॅमच्या मागच्या धबधब्यात वाहून गेले ते एकाच कुटुंबातले लोक होते, एकमेकांना घट्ट धरून उभे होते. आणि हल्ली साठ-साठ जणांना बसमध्ये भरून नेतात, त्यातल्या शेवटच्या माणसाचं नाव लीडरला माहीत नसतं.

गिरगावकर७२
मला हे पटत नाही. लोक नियम मोडतात म्हणून नियमच नको, हा कुठला न्याय? हेल्मेट पण कुणी घालत नाही, मग काढून टाका कायदा.

एका गोष्टीचा विचार कुणी करत नाही, शोधायला जाणाऱ्याचा जीव. १९ जुलै २०२३ ला इर्शाळवाडीवर दरड कोसळली, त्या रात्री पावसात वर चढताना नवी मुंबई अग्निशमन दलाचा एक अधिकारी हृदयविकाराच्या झटक्याने गेला. तिथे माणसं ढिगाऱ्याखाली होती, जाणं भागच होतं. पण कुणाच्या तरी रविवारच्या हौसेसाठी तीच जोखीम पुन्हा का घ्यायची? अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात, जिथे माउंट वॉशिंग्टन आहे, निष्काळजीपणे गेलेल्याकडून शोधाचा खर्च वसूल करतात. आधी काही डॉलरचं कार्ड घेतलं असेल तरच निष्काळजीपणाचं बिल माफ. आपल्याकडे हे सुरू करा, बघा कसे सुतासारखे सरळ होतात.

दोर_आणि_गाठ
गिरगावकर काका, तुमची काळजी आमच्यासाठीच आहे हे कळतंय, मी स्वतः शोधकार्यात जातो. आम्हाला पगार नाही, मानधन नाही, सोमवारी सकाळी ऑफिसला खोटं कारण सांगून गेलेलो आहोत. तरीही बिल लावू नका ही हात जोडून विनंती. बिलाच्या भीतीने माणूस फोन उशिरा करतो. दुपारी तीनला वाट चुकल्यावर फोन आला तर उजेडात चार जण जाऊन आणतात, तोच रात्री नऊला आला तर ओल्या कातळावर हेडटॉर्चच्या उजेडात वीस जण लागतात. जीव तेव्हाच धोक्यात येतो, आमचा पण.

आता मीनलताई, एक गोष्ट विचारतो, राग मानू नका. त्याच्या फोनला शेवटची रेंज किती वाजता होती आणि घरून किती कॉल गेले? दर वेळी तेच घडतं म्हणून विचारतोय. कड्यावर रेंज येते-जाते, रेंज शोधण्यातच फोन बॅटरी खातो, त्यात मावशी, काका, मित्र, शेजारी सगळे एकाच वेळी फोन लावत राहतात, दर कॉलला स्क्रीन पेटते आणि ज्या दहा टक्क्यांत एक लोकेशन आलं असतं ते "अरे कुठे आहेस" यातच संपून जातं. घरच्यांपैकी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी हात आवरायचा. हरवलेल्याने लोकेशन एकदा मेसेज करायचं, ११२ ला फोन करायचा (आपल्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो), मग फोन बंद करून दर तासाला पाच मिनिटं चालू करायचा. आणि ओढा धरून उतरायचं नाही. सह्याद्रीतला ओढा शेवटी कड्यावरूनच उडी घेतो. जिथे आहात तिथे बसा, शिट्टी असेल तर मिनिटात सहा वेळा वाजवा, मिनिटभर थांबा, परत सहा. पाण्याच्या आवाजात माणसाची हाक पन्नास फुटांवर ऐकू येत नाही, शिट्टी येते.

सायली_ठाणे
मी एकटीच जाते, पावसात पण. मैत्रिणीकडे वाट, गाव, परतायची वेळ लिहून ठेवते, साडेसातपर्यंत माझा मेसेज नाही आला तर तिने काय करायचं ते पण लिहिलेलं असतं. मुलगी म्हणून आधीच कमी अडवणारे नाहीत, त्यात अजून एक सरकारी अडवणारा नको.

निनाद_अंधेरी
सायली, तुझी शिस्त चांगली आहे पण त्याने माणूस सापडतोच असं नाही ना. ज्युलियन सँड्स हा ब्रिटिश नट मुरलेला गिर्यारोहक होता. १३ जानेवारी २०२३ ला लॉस एंजेलिसजवळच्या माउंट बाल्डीवर गेला. डोंगर कुठला ते माहीत होतं, हेलिकॉप्टर, ड्रोन सगळं झालं. अवशेष सापडले थेट जूनमध्ये, ते पण तिथून जाणाऱ्या हायकर्सना. बाल्डी १० हजार फुटांच्या वर आहे पण शहराला लागून, म्हणून लोक सहज जातात, अगदी आपण कर्जत लोकलने जातो तसे. घराजवळचा डोंगर आपला वाटतो, तिथेच घात होतो. मी मीनलताईंच्या बाजूने.

पायथ्याचा_माणूस
मी याच पट्ट्यातल्या एका गावातला. सगळे बोलले, आमचं पण ऐका. कुठलाही मुलगा हरवला की रात्री पहिले आमच्या वाडीतली पोरं बॅटरी घेऊन चढतात, पेपरात फोटो नंतर पोचणाऱ्यांचा येतो. त्याचं वाईट वाटत नाही पण बंदी म्हणता तेव्हा आमच्या घरात पावसाळ्याचे चार महिने जे पोहे, चहा, जेवणाचे पैसे येतात ते बंद होतात. आणि अडवा म्हणता, कोणी अडवायचं? मागच्या वर्षी मी पाच पोरांना म्हटलं आज जाऊ नका, वर पाणी सुटलंय, तर अंगावर आली, "डोंगर तुझ्या बापाचा काय". त्यातला एक जरी मला नाव, नंबर सांगून गेला असता तर मला झोप लागली असती. गावात एक वही ठेवा, जाताना लिहा, येताना खूण करा. आणि वाटाड्या घ्या, आमच्या पोराला चार पैसे मिळतील.

गिरगावकर७२
वहीला माझा विरोध नाही. पण वहीत लिहून माणूस घसरायचा थांबत नाही, एवढंच म्हणतो.

मीनल_डोंबिवली
दोरदादा, तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर द्यायला दोन दिवस लागले. त्याचा फोन चार्ज केल्यावर आम्ही बघितलं होतं. रात्री ९:४० ला बंद पडला. त्याआधी ७१ मिस्ड कॉल, त्यातले ४६ माझ्या बहिणीचे, माझे ११. त्याने लोकेशन टाइप करायला घेतलं होतं, तो मेसेज गेलाच नव्हता, तसाच अर्धा पडून होता. हे मी बहिणीला आजवर सांगितलं नव्हतं, तुमची पोस्ट तिला वाचून दाखवली तेव्हाच सांगितलं. ती खूप रडली. आई आहे, फोन लावणार नाही तर काय करणार, तेव्हा दुसरं काही हातात नव्हतंच तिच्या.

बंदीचं माझं मत अजून तेच आहे, भटक्या दादा. निनाद म्हणतो तसं, सगळं करून पण माणूस जातो. तुम्ही २८ वर्षं फिरलात, तो दोनच वर्षं, दोघांना एकच माप कसं लावता? निदान नवख्या मुलांना तरी अडवा.

पण तो ऐकणार नाही हे दिसतंय. घोटा बरा झालाय, नवे बूट आणलेत. म्हणून पायथ्याच्या भाऊंचं ऐकून आम्ही घरातच वही केली, फ्रिजवर दोरीने बांधलीय. पहिल्या पानावर त्याने लिहिलं, माहुली, आसनगाव स्टेशन, सोबत दोन मित्र, सातपर्यंत खाली. त्याखाली बहिणीने लिहिलंय, "आठपर्यंत मी फोन करणार नाही. फक्त मेसेज बघेन."

पायथ्याचा_माणूस
ताई, त्या पानावर पायथ्याच्या गावातल्या एका माणसाचा नंबर पण घ्यायला सांगा. जाताना चहा पितातच, तिथेच मागायचा.