त्रिवेंद्रमची तेरा नाटकं भासाचीच कशावरून?

प्रश्न: संस्कृत पंडित गणपतिशास्त्रींना १९०९च्या सुमारास सापडलेल्या ताडपत्रांत नाटककाराचं नावच नाही. मग भास हा प्राचीन संस्कृत नाटककार आला कुठून?

उत्तर १: ‘हर्षचरित’कार बाणभट्ट सांगतो, भासाची नाटकं सूत्रधार सुरू करतो. इथेही नांदी (सुरुवातीचं मंगलाचरण) संपताच सूत्रधार येतो. शिवाय जुना संस्कृत कवी राजशेखर ‘स्वप्नवासवदत्त’ हे नाटक भासाच्याच नावावर मांडतो.

उत्तर २: सूत्रधाराचा पुरावा लंगडा. केरळच्या प्रतींत इतरांची नाटकंही अशीच सुरू होतात. खरी मेख ‘नाट्यदर्पण’ या जुन्या नाट्यशास्त्रीय ग्रंथात आहे. ‘स्वप्नवासवदत्ता’चा नायक वत्सराज शेफालिकेखालची (पारिजातकाखालची) शिळा पाहून म्हणतो तो श्लोक तिथे भासाचा म्हणून दिलाय. त्रिवेंद्रमच्या छापील ‘स्वप्नवासवदत्ता’च्या चौथ्या अंकात शेफालिका आहे, शिळा आहे, श्लोक गायब! चाक्यारांनी, म्हणजे केरळच्या पारंपरिक नटांनी, प्रयोगासाठी कात्री चालवली असावी, असं माझं मत.

उत्तर ३: तेराही एकाच दावणीला बांधू नका. ‘स्वप्नवासवदत्त’ आणि ‘प्रतिज्ञायौगंधरायण’ एकाच लेखकाची म्हणून जोडीनं शोभतात. ‘चारुदत्त’ मात्र चार अंकांतच थांबतं आणि शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’शी ओळीओळीनं जुळतं. कुणी कुणाचं उचललं, ते आधी ठरवा.