शिक्षणसेवकांचं काय?

टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, कडक केली की शिक्षकांचा दर्जा आपोआप सुधारेल, हे म्हणणं मला अर्धंच पटतं. परीक्षा हवीच. पण ती पास होऊन पवित्र पोर्टलमधून (शिक्षक भरतीची सरकारी वेबसाइट) लागलेला उमेदवार पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक असतो, म्हणजे पूर्ण पगाराऐवजी ठरावीक मानधनावर शिकवतो, हा मुद्दा या चर्चेत कुणी काढलाच नाही. प्राथमिकला मानधन महिना १६,००० रुपये. तेही २०२३ मध्ये वाढलं म्हणून. आधी ६,००० होतं!

माझी वहिनी शहापूर तालुक्यात झेडपीच्या शाळेवर शिक्षणसेवक आहे. ठाण्याहून आसनगाव लोकल, पुढे शेअर जीप, आणि ती भरेपर्यंत स्टेशनबाहेर ताटकळणं. शाळेत पहिली ते चौथी एकाच खोलीत. तिच्या ओळखीतली एक जण हे सोडून घोडबंदरला खासगी क्लासमध्ये गेली. टीईटी पास होती, बरं का.